खिडकीखालचा हुंकार

सोमवार, ९ फेब्रुवारी

मापांच्या वहीची मागची पंचवीस पानं कोरी आहेत. पुढे गिऱ्हाइकांच्या कंबरा आणि बाह्या, मागे माझं मन. लेकीचं म्हणणं असं की रोज फोनवर तासभर बोलण्यापेक्षा मी थोडं लिहीत जावं, बरं वाटतं. म्हणजे तिला कंटाळा आलाय, पण ते तिने गोड शब्दांत सांगितलं. एवढं गोड बोलणं तिला जमतं ते काही माझ्याकडून आलेलं नाही, आणि बापाकडून तर नाहीच, कारण बाप बोलतच नाही.

तर पहिली बातमी. पुलाचं काम काढल्यामुळे सात नंबरची बस आजपासून आमच्या रस्त्याने वळवली आहे, आणि तात्पुरता थांबा बरोबर आमच्या खिडकीखाली आलाय. ड्रममध्ये सिमेंट भरून त्यात पत्र्याची पाटी रोवली, झाला थांबा. सात नंबर म्हणजे ह्यांची बस. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हे एकोणतीस वर्षं बस चालवताहेत, आणि मी त्यांच्या बसमध्ये बसले असेन फार तर चार वेळा. आता मशीनवर बसल्या बसल्या दिवसातून सहा वेळा नवरा खिडकीखालून जाणार.

पहिल्या फेरीला मी हातातलं काम टाकून धावले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे बसचं नुसतं टप दिसलं. टपाला काय हात करणार? परत येऊन पडद्याची पट्टी पुरी केली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

जेवताना विचारलं, तुमची ती नवी बस थांबताना कण्हते का हो? जुन्या गाड्या मला ठाऊक होत्या. गिअर टाकताना खडखडाट आणि ब्रेक लावला की किंचाळी. ही ऑटोमॅटिक गाडी निघताना एका दमात सूर चढवते, मध्येच श्वास घेतल्यासारखी जरा उतरते आणि परत चढते. खटका कुठेच नाही. आणि थांब्याच्या आधी खोल आवाजात ‘हूंऽऽ’ म्हणते.

मग जे झालं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. हे वीस मिनिटं बोलले. भाजी कशी झालीय विचारलं तरी ‘हूं’ आणि घराला आग लागली म्हटलं तरी ‘हूं’, असा हा माणूस, वीस मिनिटं बोलला. त्या आवाजाचं नाव रिटार्डर. तो गिअरच्या पेटीतच असतो. चाकं आवळायची नाहीत, पेटीतल्या तेलानेच त्यांना मागे ओढून धरायचं. वाटीतल्या पाण्यात चमचा उलटा फिरवून दाखवला मला, अर्धं पाणी ताटात. ब्रेकवर हलका पाय दिला की आधी रिटार्डर लागतो, आणखी दाबला की मग खरा ब्रेक. स्टिअरिंगपाशी एक दांडीही असते. तिने तोच रिटार्डर हातानेही लावता येतो, चार टप्प्यांत. लांब उतारावर तिचा उपयोग. पण गाडी अगदी सावकाश झाली की रिटार्डरचा जोर संपतो, शेवटचं थांबवणं पायाचंच काम.

म्हणजे आधी गोडीगुलाबीने आणि मग दम देऊन, मी म्हटलं, तुम्हाला सकाळी उठवताना मी हेच करते. हे हसले. लेक परगावी गेल्यापासून ह्या टेबलावर कोणी हसलं नव्हतं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

माझे कान चांगलेच तयार झालेत. सात नंबरवर आलटून पालटून तिघे असतात. एक तरणा ड्रायव्हर आहे, त्याचा ‘हूं’ उशिरा सुरू होतो आणि घाईत संपतो. दुसरा कोपऱ्यापासूनच धरतो, जणू बसमध्ये अंडी भरली आहेत. पण दोघांचाही आवाज एकसंध, घसरगुंडीवरून उतरल्यासारखा. ह्यांचा तसा नाही. ह्यांचा जिना उतरतो. हूं. हूंऽ. हूंऽऽ. हूंऽऽऽ. चार पायऱ्या, प्रत्येक खालच्या सुरात. मग अगदी शेवटी एक बारीकसा झटका, आणि दारं फुस्स. झटक्याचं काही नाही, गाडी नवी आहे, बसेल हात.

चार पायऱ्या म्हणजे दांडी. एवढं मला त्या वाटीतल्या पाण्यावरून कळलं. पण आमच्या रस्त्याला ना उतार ना चढ. मग इथे, बरोबर माझ्या खिडकीखाली, चार-चार वेळा दांडी ओढायचं काय कारण? मला एक शंका आली आहे. ती लिहिणार नाही, माझ्या वयाला शोभत नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

न राहवून विचारलंच. ते बूट काढत बसले होते. मी म्हटलं, “खिडकीखाली ती दांडी ओढता, ती माझ्यासाठी का?”

ते बराच वेळ बुटाच्या नाडीकडे बघत राहिले. मला वाटलं चिडले. मग म्हणाले, “हो. तुझ्यासाठीच.”

बास. पुढे काही नाही, आंघोळीला गेले. मी स्वयंपाकघरात येऊन उगाच डबे पुसले. ह्या माणसाने लग्न ठरताना मला एक पत्र लिहिलं होतं, त्यात ‘इकडे सर्व ठीक’ याखेरीज काही नव्हतं. आता एवढ्या वर्षांनी अकरा टनांच्या गाडीला माझ्यासाठी हुंकार द्यायला लावतो. कोणाला सांगू? लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, तू लाजतेयस का? मी म्हटलं, फोन ठेव, मला कामं आहेत.

मंगळवार, ३ मार्च

आता वेळा पाठ झाल्यात. सकाळची पहिली सात चाळीस, मग नऊ दहा, अशा. त्याआधी दोन मिनिटं मशीन थांबवते आणि खिडकीत जाऊन उभी राहते. टप तर टप.

काल एक गंमत झाली. माझी टाचणी खाली पडली असणार. हे संध्याकाळी आल्यावर घरभर अनवाणी फिरले, जेवले, बातम्या बघत स्टुलावर पाय टाकून बसले, तेव्हा मला तळव्यात चकाकताना दिसली. अख्खी टाचणी, डोक्यापर्यंत रुतलेली. मी ओढून काढली, रक्त आलं. हे बातम्याच बघत होते. पूर्वी एकदा साधं दोऱ्याचं रीळ पायाखाली आलं तर तीन दिवस मला ऐकवत होते, घर आहे की कारखाना म्हणून. आता टाचणी रुतली तरी एक शब्द नाही. केवढा बदललाय हा माणूस. प्रेमाने माणूस सोशीक होतो म्हणतात ते खोटं नाही.

शुक्रवार, ६ मार्च

लेकीचा फोन. टाचणीची गोष्ट रंगवून सांगितली. ती हसली नाही. बाबांना दुखलं नाही का, असं दोनदा विचारलं. मग साखर कधी तपासली होती ते विचारलं. ह्यांना आठ वर्षं साखरेचा त्रास आहे, गोळी रोज माझ्यासमोर घेतात, चहा बिनसाखरेचा. सगळं नीट आहे म्हणून सांगितलं. ही मुलं लांब गेली की काळजी करायला निमित्तच शोधत असतात.

आज हे वर आले ते एकच चप्पल घालून. दुसरी पहिल्या मजल्याच्या वळणावर पडलेली होती, मी जाऊन आणली. म्हटलं, तरुणपणी प्रेमात पडायचं राहून गेलं होतं ते आता उरकताय वाटतं. हे हसले नाहीत. कपाट उघडून उगाच आत बघत उभे राहिले. मी काही चुकीचं बोलले का कोण जाणे.

शनिवार, १४ मार्च

आज मनाला फार लागलंय.

बँकेतल्या बाईंचे पडदे द्यायला बाजारापलीकडे गेले होते. परत येताना तिथल्या थांब्यावर उभी होते. लांबून सात नंबर आली आणि मला आधी ऐकू आली. हूं. हूंऽ. हूंऽऽ. हूंऽऽऽ. तोच जिना. बाजारापलीकडच्या थांब्यावर, जिथे माझी खिडकी नाही, मशीन नाही, कोणी नाही.

बसमध्ये चढले. कंडक्टरला सगळे पोपट म्हणतात, कारण तो थांब्यांची नावं दोनदा दोनदा घेतो. त्याने ओळखलं, वहिनी म्हणून पुढची जागा करून दिली. वर कौतुक ऐकवलं, “दादा हल्ली गाडी हातानंच थांबवतात, वहिनी. प्रत्येक थांब्याला. पाय फक्त शेवटी.” प्रत्येक थांब्याला. मी मोजले, घरापर्यंत अकरा थांबे. अकराही ठिकाणी चार-चार पायऱ्या. म्हणजे मी अकरांतली एक.

आणखी एक पाहिलं. थांबताना अगदी शेवटी हे मान खाली घालून पायांकडे बघतात. निघतानाही तसंच. एकदा मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी आधी पायाकडे बघितलं. मला वाटलं, मी बसले आहे म्हणून अवघडलेत, खोटं उघडं पडलं म्हणून. उतरताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर जेवण वाढलं आणि गप्प बसले. आमच्या घरात गप्प बसण्याने कोणाला काही कळत नाही, हीच तर पंचाईत आहे.

रविवार, १५ मार्च

लिहूनच काढते.

सकाळी कापड बेतत जमिनीवर मांडी घालून तासभर बसले आणि तशीच उठून मशीनवर गेले. उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पाय कापसाचा झाला होता. मशीनच्या पेडलवर ठेवला, दाबला, किती दाबला गेला ते कळेना. शिवण भरधाव सुटली आणि थेट बाहीवरून पार गेली. मी वाकून बघितलं तेव्हा कळलं, पाय पेडलवर पुरता दाबलेला होता आणि मला वाटत होतं की नुसता टेकवलाय.

मी वाकूनच राहिले. पायाकडे बघत.

टाचणी. चप्पल. मागून हॉर्न वाजतोय आणि हे खाली बघताहेत. लेकीने दोनदा विचारलं होतं, बाबांना दुखलं नाही का. ती तिकडे बसून समजली, आणि मी इथे लाजत बसले होते.

ह्यांची आज सुट्टी. गॅलरीत बसले होते. मी समोर जाऊन विचारलं, “पाय कधीपासून कळत नाहीत?”

नाही म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाले, खूप वेळ मांडी घालून उठल्यासारखं आधी वाटायचं, मुंग्या, मग हळूहळू काहीच नाही. उजवा जास्त. दोन महिने झाले. नवी गाडी मिळाली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, कारण दांडी होती. हाताला सगळं कळतं. शेवटच्या दोन-चार फुटांपुरताच पाय लागतो, तो बघून ठेवायचा. मी विचारलं, काही झालं का? म्हणाले, गुरुवारी झालं असतं. थांब्यावर एक म्हातारी काठी टेकत उतरत होती. त्यांना वाटलं पाय ब्रेकवर आहे. तो ब्रेकवरून घसरला होता. गाडी हातभर पुढे गेली. म्हातारी दारातला दांडा धरून होती म्हणून पडली नाही. उतरल्यावर तिने मागे वळून ह्यांना ‘सावकाश रे बाबा’ म्हटलं आणि गेली.

त्यानंतरही शुक्रवारी गेलात, शनिवारी गेलात, मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. का गेलात?

तर ते म्हणाले, “एकोणतीस वर्षं लोक बसची वाट बघताहेत. ड्रायव्हरची कोण बघतं? तू बघायला लागलीस.”

मी रडले, हे गॅलरीतल्या कुंडीतली सुकलेली पानं खुडत राहिले. म्हणजे ज्या खिडकीत मी रोज मिरवत उभी राहत होते, तिनेच ह्यांना गाडीवर बसवून ठेवलं. ती म्हातारी पडली असती तर त्यात माझाही वाटा असता.

मी म्हटलं, उद्या डेपोत जाऊन सांगा. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही. ते उठून आत गेले.

सोमवार, १६ मार्च

पहाटेच उठून गणवेश घातला. काय ठरवलं ते सांगितलं नाही. बूट घालताना नेहमीसारखा वेळ लावला, आणि गेले. मी दारापर्यंत गेले नाही. मनात म्हटलं, नाही सांगितलं तर मी सांगेन, स्वतः डेपोच्या फाटकात जाऊन सांगेन, मग मला जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल. तसेही कुठे बोलतात.

साडेसातपासून खिडकीत उभी राहिले. सात चाळीसला बस आली नाही. एक्केचाळीस, बेचाळीस. खाली लोक घड्याळं बघत होते. मग कोपऱ्यावर तिचा सूर ऐकू आला, उतरता, आणि ‘हूं’ सुरू झाला. मी डोळे मिटून पायऱ्या मोजायला सज्ज झाले.

पायऱ्या नव्हत्या. एकसंध, लांब, घसरगुंडीचा आवाज, आणि शेवटी झटका नाही. अंडीवाला ड्रायव्हर होता. मी मशीनवर डोकं ठेवून रडले. तसं सुखाचं आणि तसं वाईट रडू मला एकदम कधी आलं नव्हतं. खाली बस निघून गेली.

बुधवार, १८ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ह्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक धाग्याचं टोक तळव्याला लावून बघू लागल्या. कळलं की ‘हो’ म्हणायचं. ह्यांनी सात वेळा ‘हो’ म्हटलं. मी बघत होते, बाईंनी धागा दोनदाच लावला होता. बाई माझ्याकडे बघून हसल्या नाहीत, त्यांनी फक्त कागदावर काहीतरी लिहिलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नसा साखरेने मंद झाल्या आहेत. गेलेलं परत येईलच असं नाही, आहे ते जपायचं. गाडी बंद. आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या कोणीतरी दोन्ही तळवे नीट बघायचे, चीर, फोड, काही रुतलंय का ते, कारण ह्यांना स्वतःला कळणार नाही. दुसरं कोणीतरी म्हणजे मीच.

लेकीला फोन केला. ती रडली, मग ओरडली, मग येते म्हणाली.

सोमवार, ३० मार्च

ह्यांना डेपोत गाड्या सोडण्याच्या टेबलावर बसवलंय. पहिले आठ दिवस घरी येऊन भिंतीकडे बघायचे. आज जरा बोलले. फाटकातून बाहेर पडणाऱ्या एका गाडीचा ‘हूं’ त्यांना कोरडा वाटला, त्यांनी परत आत घ्यायला लावली. मिस्त्री म्हणाला नीट आहे. हे म्हणाले उघड. तेल कमी निघालं. एवढं सांगून दोन घास जास्त जेवले.

मला एक विचारायचंच होतं. लेक परत गेली, घर शांत होतं, म्हणून विचारलं. “एक तरी दांडी माझ्यासाठी ओढली होती का? खरं सांगा, मी चिडणार नाही.”

“नाही,” म्हणाले. मी मान हलवली. मी चिडले नाही, पण बरंही वाटलं नाही. मग पाण्याचा तांब्या भरत असताना, पाठमोरेच म्हणाले की मी विचारलं त्या दिवसानंतर ते दर फेरीला पुढच्या काचेशी वाकून वर बघायचे. काचेतून माझी कोपरं दिसायची, खिडकीच्या कठड्यावर टेकलेली. एका कोपराला दोरा चिकटलेला असायचा.

मला वाटत होतं मीच एकटी टप बघतेय.

मंगळवार, ७ एप्रिल

पूल झाला. पाटीचा ड्रम उचलून नेला, सात नंबर पुन्हा जुन्या रस्त्याने जाते. खाली आता भाजीवाल्याची गाडी तेवढी उभी असते. मला वाटलं होतं फार वाईट वाटेल, पण दिवसभर कामाच्या गडबडीत लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे ह्यांचे पाय माझ्या मांडीवर घेतले. दिव्याखाली तळवे पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. चीर नाही, फोड नाही. मग रोजच्यासारखा उजव्या तळव्यावर हात ठेवला आणि विचारलं, कळतंय का? तीन आठवडे रोज ‘हो’ म्हणताहेत. मी रोज ‘छान’ म्हणते. दोघांनाही ठाऊक असतं.

आज ‘हो’ आलं नाही. ते माझ्या हाताकडे बघत होते.

“नाही,” म्हणाले. “काहीच नाही कळत. घोट्याच्या वर कळतं.”

मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत. आणि हात काढून घेतला, मोजे चढवायला.

“काढू नकोस,” म्हणाले.

“कळत नाही ना पण?”

“दिसतोय ना मला.”

मग परत ठेवला. मोजे बराच वेळ तसेच बाजूला पडून होते.